पहिल्या अल्बमचं परीक्षण

नंदाखाल, वसई

चि. बाबू,

तुझा अल्बम ऐकला, परीक्षणाचं कात्रणही वाचलं. गिटारशी आपली कादोडी बोली जुळत नाही, असा त्या गृहस्थांचा निकाल. कादोडी त्यांना कळते का, ते लिहिलेलं नाही. तू मात्र तेव्हापासून जेवणाकडे बघत नाहीस, असं ताई म्हणाली.

उठताबसता डिलनचं नाव घेतोस, तर त्याचंच बघ. सप्टेंबर १९६१मध्ये न्यूयॉर्क टाइम्सात रॉबर्ट शेल्टननं त्याला डोक्यावर घेतलं. पाठोपाठ कोलंबिया रेकॉर्ड कंपनीशी करार झाला आणि मार्च १९६२मध्ये पहिली रेकॉर्ड आली. वेष्टणावरचा मजकूरही शेल्टनचाच, फक्त नाव घातलं स्टेसी विल्यम्स! (परीक्षकांचं हे असं असतं.) एवढं करून पहिल्या वर्षात प्रती खपल्या पाचेक हजार. कंपनीतले लोक तिला निर्माता हॅमंडचा वेडेपणा म्हणायचे. मला विचारशील, तर थट्टा कडवट होती, अगदीच बिनबुडाची नव्हती. तेरा गाण्यांत त्याची स्वतःची दोनच. दुसऱ्या अल्बममध्ये बहुतेक सगळी त्याची, आणि मग लोकांचे कान टवकारले.

रेमो फर्नांडिसला तर बड्या कंपन्यांनी उभंच केलं नाही. त्यानं १९८४मध्ये शिवोलीच्या घरीच चार ट्रॅकच्या यंत्रावर ‘गोवन क्रेझी’ रेकॉर्ड केला. गायला तो, वाद्यं त्याचीच, आणि कॅसेटी स्कूटरवर लादून दुकानोदुकानी देणाराही तोच. पहिलं गिऱ्हाईक गोव्यातलं; त्याला गाण्यातल्या कोपरखळ्या फोडून सांगाव्या लागत नव्हत्या.

आता तुझं. पहिल्या चार गाण्यांतलं धुकं आणि अनोळखी वाटा कुणाच्या रे? भुईगावात धुकं कधी पाहिलंस? टँकरच्या गाण्यात मात्र तू सापडलास. बावखलं, आपली गोड्या पाण्याची तळी, बुजवली गेली, वाडीतल्या विहिरीचं पाणी टँकरनं इमारतींकडे निघालं, आणि मागे लग्नातल्या बँडचा ट्रंपेट! ते मी परतपरत लावलं. तिथे गिटार दबलीय, एवढं त्या परीक्षकांचं बरोबर आहे. मिक्सिंग पुन्हा करून घे.

आजीचीही तक्रार आहे. सुकेळीसाठी राजेळी केळी सोलून उन्हात घालतात, तू गाण्यात सालीसकट वाळत घातलीस. ती ओळ आधी बदल.

तुझा,
मामा