टॉपच्या आधी चौकोन

क्रोशा इतका आपल्या हातातला आहे, हे कळल्यापासून माझी बोटं स्वस्थ बसायला तयार नाहीत! हरमलच्या बाजारातून समुद्राकडे उतरणाऱ्या वाटेवर मोसमभर क्रोशाचे टॉप, पिशव्या, केसांचे पट्टे टांगलेले असतात. आता त्या प्रत्येक दुकानापुढे माझे पाय थांबतात. टॉप उलटा करून बघते, आणि काय दिसतं? चौकोन! एकाला एक जोडलेले, रंग तेवढे वेगळे. परदेशी पाहुणे ज्याच्यासाठी थांबतात ती सगळी नक्षी म्हणजे एकच छोटा चौकोन पुन्हा पुन्हा विणलेला.

त्याला ग्रॅनी स्क्वेअर म्हणतात आणि नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी असं मी छातीठोकपणे सांगते. चार साखळ्या घाला, त्या जोडून गोल करा. त्या गोलात तीन-तीन खांबांचे चार गट विणा आणि प्रत्येक गटानंतर दोन साखळ्या सोडा. त्या साखळ्यांच्या जागी कोपरे तयार होतात. पुढच्या फेरीत प्रत्येक कोपऱ्यात खांबांचे दोन गट, मध्ये पुन्हा दोन साखळ्या. बस्स! चौकोन डोळ्यांदेखत वाढत जातो. दुसरी फेरी संपताना कोपरा टोकदार उभा राहतो, तेव्हाचा आनंद मला शब्दांत सांगताच येत नाही.

आणि उसवणं! दोन सुयांच्या विणकामात कितीतरी टाके एकाच वेळी सुईवर असतात, एक सुटला की पोटात गोळा येतो. क्रोशात एक टाका पुरा झाला की सुईवर एकच फास उरतो. सुई काढा, दोरा ओढा, हवं तिथवर उसवा, पुन्हा सुई घाला. भीती म्हणून काही उरतच नाही. शिकणाऱ्यासाठी याहून दयाळू कला मला तरी ठाऊक नाही.

शेजारच्या काकींकडे जुना विणलेला रुमाल आहे, कडेला मणी लावलेला, पाण्याच्या तांब्यावर झाकायचा. तो हातात घेऊन मी विचारलं, "काकी, मी हा विणू?" त्या म्हणाल्या, "विण गो, पण आधी जाड दोऱ्याने हात बसू दे. बारीक रिळाचा दोरा मागाहून." किती खरं! रुमालाच्या बारीक दोऱ्यात टाका शोधताना डोळे शिणतात. जाड सुती दोरा आणि चार मिलिमीटरची सुई घेतली की प्रत्येक टाक्याचं डोकं वेणीसारखं स्पष्ट दिसतं. रंगही फिकट घ्यावा. काळ्या किंवा गडद निळ्या दोऱ्यात दिवेलागणीनंतर काही म्हणता काही दिसत नाही.

चौकोनानंतर गोल. चहाच्या कपाखाली ठेवायची चकती एका संध्याकाळी होते. पहिल्या फेरीत बारा खांब, दुसरीत चोवीस, तिसरीत छत्तीस. दर फेरीत बाराच वाढवायचे, हे गणित मला फार आवडलं. कमी वाढवले तर चकतीची वाटी होते, जास्त वाढवले तर कडेला झालर येते. म्हणजे टोपी कशी होते आणि फ्रिल कशी होते, हेही त्या एवढ्याशा चकतीतच कळलं! तिला सुतीच दोरा हवा. अॅक्रिलिक लोकर गरम भांड्याखाली वितळू शकते. शिवाय आपल्या दमट हवेत लोकरीचा मफलर कोण घालणार? पुस्तकांत पहिलं काम म्हणून मफलर सांगतात, ते थंड मुलखासाठी. इथे केसांचा पट्टा विणावा किंवा आंघोळीची घासणी. तीही नुसत्या मुक्या खांबांच्या सरळ ओळींनी होते. प्रत्येक ओळीच्या शेवटी टाके मात्र मोजायचे. कडेचा टाका निसटला की पट्टी निमुळती होत जाते.

या कलेने माणसं जगवली आहेत. 1840च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक बुडून दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या बायकांनी क्रोशाची लेस विणून घरं चालवली. आजही खरा क्रोशा हातानेच विणला जातो. यंत्राची जाळी दिसायला तशी असते, वीण वेगळी. म्हणून वाटेवरच्या दुकानात हाताने विणलेल्या टॉपचा भाव पाडून मागणारं गिऱ्हाईक पाहिलं की मला आता वाईट वाटतं. एका चौकोनाला किती टाके लागतात, ते मोजून बघा म्हणावं!

खेळणी, बारीक दोऱ्याचे रुमाल, अंगात घालायचे कपडे हे सगळं थोडं थांबू दे. चवथीला दारावर लावायचं तोरण मात्र जमेल, तेही चौकोनांचंच. तेव्हा येत्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाणार असाल तर चार मिलिमीटरची एक सुई आणि फिकट रंगाचा जाड सुती दोरा घेऊन या, आणि त्याच संध्याकाळी पहिला चौकोन विणा.