ज्वारीच्या पोंग्यातला तुडतुडा

रब्बी ज्वारी गुडघ्याच्या वर गेली की आमच्या आळंद भागात एक तक्रार हमखास कानी येते: चिकटा पडला. पानं तेलकट चमकतात, बोटाला चिकटतात आणि पुढे त्यावर काळी बुरशी चढते. घरची शेती आणि कीटकशास्त्राचं शिक्षण, यामुळे अशा वेळी शेजारीपाजारी मला बांधावर बोलावतात.

त्या दिवशी शेजारच्या काकांनी पंप भरूनच ठेवला होता. "मावाच आहे की, त्यात काय बघायचं?" ते म्हणाले. "काका, जरा दम धरा. आधी पोंगा उघडू," म्हणत मी पानं बाजूला केली. आतले बारीक किडे तिरके पळाले, काहींनी टुणकन उडी मारली. मावा उडी मारत नाही. तो पिवळसर असतो, पानाच्या खालच्या बाजूला थव्यानं बसतो आणि त्याच्या पाठीवर मागच्या बाजूला दोन छोट्या नळ्या असतात. इथे मात्र पिल्लं, आखूड पंखांच्या फिकट माद्या आणि लांब पंखांचे गडद नर एकाच पोंग्यात होते. गोड रसासाठी मुंग्यांची ये-जा चालली होती.

पानाची मधली शीर मी उन्हाकडे धरली. तिच्यावर पांढरे मेणचट ठिपके होते. नखानं एक ठिपका खरवडला, तर खाली शिरेत चीर पाडून खोचलेली अंडी दिसली. आजूबाजूची शीर तांबूस झाली होती. या खुणा पेरेग्रिनस मेडिस या तुडतुड्याच्या. अ‍ॅशमीड यांनी 1890 साली शास्त्राला ओळख करून दिलेली ही जात ज्वारी आणि मक्यावर वाढते.

पण तुडतुडा म्हटला की झालं, असं नसतं. कापसावरचा हिरवा तुडतुडा वेगळ्या कुळातला. त्याच्या मागच्या पोटरीवर काट्यांच्या लांब रांगा असतात. पेरेग्रिनसच्या कुळात, म्हणजे डेल्फॅसिडीत, पोटरीच्या टोकाशी एकच मोठा, हलणारा काटा असतो आणि मिशा डोळ्यांच्या खालून निघतात. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग काकांच्या हाती दिलं. तीन-चार मिलिमीटरच्या किड्याच्या पायावरचा तो काटा त्यांना स्वच्छ दिसला.

खरी कसोटी याच कुळातल्या भावंडांची. भातावरच्या तपकिरी तुडतुड्याच्या मागच्या पावलाच्या पहिल्या पेरावर बाजूला बारीक काटे असतात. पांढऱ्या पाठीच्या तुडतुड्याच्या पाठीवर फिकट पट्टा असतो. पेरेग्रिनसच्या लांब पंखांच्या टोकाकडे गडद डाग असतो. गवतावरच्या काही जाती मात्र एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या, की रंगावर विसंबता येत नाही. तिथे नराच्या पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवून मऊ करावं लागतं, मग ते ग्लिसरीनमध्ये घेऊन जननेंद्रियांचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. जातीचा निवाडा तिथेच होतो.

काकांच्या बांधापलीकडे ऊस आहे. त्यावरची पाकोळी, म्हणजे पायरिला, ही याच मोठ्या गोतावळ्यातली, पण निराळ्या कुळातली. तिचं डोकं चोचीसारखं पुढे आलेलं असतं आणि पिल्लांना मागे दोन पांढऱ्या शेपट्या असतात. तिच्यावर एपिरिकॅनिया नावाच्या पतंगाची अळी जगते. उसाच्या पानावर या मित्रकिडीचे पांढरे कोष भरपूर दिसत असतील, तर फवारणी करूच नये.

जात कळली की उपायही बदलतो. पेरेग्रिनस पोंग्यात खोल बसतो, म्हणून वरवर मारलेलं औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय तो मक्याच्या पट्टे-रोगाचा विषाणू पसरवतो, त्यामुळे पानांवर पिवळे पट्टे आलेली खुरटी ताटं दिसताच उपटावीत. मावा समजून केलेल्या फवारणीत यातलं काहीच साधत नाही, उलट ढालकिडे मात्र मरतात.

म्हणून बिदर-कलबुर्गीच्या ज्वारी उत्पादकांना माझं सांगणं आहे: चिकटा दिसला की पंपाआधी भिंग हातात घ्या आणि पोंगा उघडून पाहा. ओळख पटत नसेल तर काही किडे सत्तर टक्के अल्कोहोलच्या बाटलीत घाला, चिठ्ठीवर पीक, गाव आणि तारीख लिहा आणि ती बाटली जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नेऊन द्या.