पाळणाघर आणि गाडी

पालक म्हणतात, ‘ताई, शाळेतून मुलांना तुम्हीच आणा, वेगळे पैसे देऊ.’ माझी गाडी पांढऱ्या नंबरप्लेटची, खासगी. तिच्या पॉलिसीत मोबदला घेऊन केलेली वाहतूक बसतच नाही. उद्या अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि भरपाई माझ्या घरावर येऊ शकते. पालकांनी संमतीपत्रावर सही केली म्हणून निष्काळजीपणाची जबाबदारी पुसली जात नाही.

चौदा वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा बालआसन नसेल, तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार १,००० रुपये दंड आहे. दंडाचं एक वेळ सोडा. मांडीवरचं पोर करकचून ब्रेक लागताच पुढे फेकलं जातं, त्याचीच मला धास्ती आहे. पालकांना हे सगळं स्पष्ट सांगणार. परवाना असलेली पिवळ्या पाटीची व्हॅन महाग पडली तरी तीच लावू.