दक्षिणेकडची ओसरी
(ग्रीसची दैनंदिनी : लेखांक चौथा)

दिवस दहावा, ऑलिंथस

थेस्सालोनिकीहून सकाळच्या मोटारीने निघून, ऑलिव्हच्या बागांमधून वाट काढीत ज्या उघड्या टेकाडावर आलो, तेथील भरभराटलेले नगर मॅसिडोनच्या फिलिपाने ख्रिस्तपूर्व ३४८ मध्ये बेचिराख केले. आणि १९२८ पासून रॉबिन्सन या अमेरिकी पंडिताने ते उकरून काढल्यामुळेच, देवळांच्या खांबांआड हरवलेला ग्रीक गृहस्थ आपल्या शंभरावर घरांसह आज आपल्याला भेटतो. भिंती कच्च्या विटांच्या, त्या मातीस मिळाल्या. घरफोड्यास त्यांच्या भाषेत 'भिंत खणणारा' असाच शब्द होता, यात नवल ते काय! उरली आहेत ती दगडी जोती. सुमारे १७ मीटर चौरस घर, पोटात चौक आणि चौकाच्या उत्तर अंगास ओसरी, अर्थात दक्षिणाभिमुख. आमच्याकडे दक्षिण म्हणजे यमाची दिशा. परंतु हिवाळ्याचे तिरपे ऊन ओसरीत यावे आणि उन्हाळ्याचा सूर्य छपरावरून परस्पर निघून जावा, हे झेनोफनने सॉक्रेटिसाच्या तोंडी घातलेले शहाणपण येथील गवंड्यांनी दारे कोणत्याही गल्लीत उघडत असली तरी सोडले नाही.

एका बैठकीच्या तळाशी काळ्यापांढऱ्या नदीगोट्यांचा बेलेरोफोन अजून घोड्यावर स्वार आहे. अशा बैठकीचे दार मध्यावर नसते, किंचित बाजूला असते. कारण भिंतीलगत मंचक ओळीने मांडायचे. पाहुण्यांचे लोडतक्के आधी, दार मागाहून! काही घरांत तर खरेदीखतेच दगडावर कोरलेली सापडली : किंमत, शेजारी, जामीन, साक्षीदार. आमच्या दस्तऐवजांतील चतुःसीमा मला लगेच आठवली.

दिवस अकरावा

दिवसभर आगगाडी. लिहिण्याजोगे काही नाही.

दिवस बारावा, अथेन्स

ज्यांच्याकडे खोली घेतली त्या आजीबाईंच्या वडिलांचे येथे अंगणाचे बैठे घर व एक लिंबाचे झाड होते. जागा बांधणाऱ्याच्या हवाली करायची, रोकड न घेता तयार इमारतीतील मजले घ्यायचे, या 'अंदिपारोही' नावाच्या व्यवहाराने महायुद्धानंतरचे अथेन्स उभे राहिले; मजल्यागणिक मालकी १९२९ च्या कायद्याने आधीच मान्य झाली होती. आजीबाईंच्या वाट्यास दोन बिऱ्हाडे आली, दोन्ही पश्चिमेकडची.

"उन्हाचे कोणी विचारले नाही?" मी म्हटले.

"चिठ्ठ्या टाकल्या होत्या," असे म्हणून त्यांनी तुळशीसारख्या एका कुंडीला पाणी घातले आणि सज्जाची हिरवी कनात कुरकुरत खाली सोडली.