वरचा मजला की वाळवंटाची सफर?

परदेशी सहल म्हटली की आपल्याकडे आधी ठिकाणांची यादी तयार होते. किती शहरे, किती दिवस, रोज काय काय 'कव्हर' होणार? यादी जितकी लांब, तितके पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. पण काही मुलूख असे असतात, की तिथे ही यादीच प्रवाशाच्या मुळावर येते. आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचा नामिबिया हा त्यांतलाच एक. क्षेत्रफळ सव्वाआठ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश एकत्र केले तरी त्याहून मोठे. लोकसंख्या मात्र अवघी तीस लाखांच्या आसपास. एका बाजूला अटलांटिक महासागर, त्याला लागूनच जगातल्या सर्वांत जुन्या वाळवंटांपैकी एक असलेले नामिब आणि मध्ये शेकडो किलोमीटर नुसता मोकळा माळ.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या एका मराठी जोडप्याने या देशाची सफर ठरवायला घेतली, तेव्हा घरात सहा महिने दुसरा विषय नव्हता. ती भूगोलाची निवृत्त शिक्षिका, तो पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला इंजिनीअर. मुलगा पुण्यात नोकरीला, तिथेच स्थायिक झालेला. बँकेत एक मुदत ठेव होती. घरावर वरचा मजला चढवायचा म्हणून ती बारा वर्षांपूर्वी ठेवलेली. ठेवीची मुदत संपली आणि त्याने कंत्राटदाराला बोलावण्याची गोष्ट काढली, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "अहो, वरचा मजला कुणासाठी?"

या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते. मुलगा आता परत येऊन राहणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होते. फक्त आजवर कुणी ते बोलून दाखवले नव्हते.

नामिबियाचे वेड तिच्या डोक्यात शिरले ते १७ सप्टेंबर २०२२ रोजी. नामिबियातून आणलेले आठ चित्ते घेऊन विमान ग्वाल्हेरला उतरले आणि तिथून हेलिकॉप्टरने ते कुनोच्या जंगलात गेले. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले होते. त्यानंतर सत्तर वर्षांनी तो परत आला, तो तिच्या गावाच्या आकाशातून. तीस वर्षे तिने फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा काढून बेंग्वेला प्रवाह दाखवला होता. थंड पाण्यावरची हवा गार होते, वर चढत नाही, म्हणून पाऊस पडत नाही, नुसते धुके होते. समुद्राला लागून वाळवंट कसे, या मुलांच्या ठरावीक प्रश्नाचे हे उत्तर तिला तोंडपाठ होते. पाहिलेले मात्र काहीच नव्हते.

गाडी आपली की माणूस त्यांचा?

पहिला वाद झाला तो प्रवास कसा करायचा यावर. मुलाने फोनवर सांगितले, "आई, अगं तिथे सगळे स्वतःच गाडी चालवतात. आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक आहे. बाबांना सहज जमेल."

त्यात खोटे काही नव्हते. नामिबियात भाड्याची गाडी घेऊन फिरणारे प्रवासी पुष्कळ असतात. पण तिथले बहुतेक रस्ते खडीचे आहेत. वरून सपाट दिसतात, पण वेगात वळण घेतले किंवा अचानक ब्रेक दाबला की चाके खडीवरून घसरतात आणि गाडी उलटते. जाणते लोक ताशी ८० किलोमीटरच्या आत राहायला सांगतात आणि सूर्य मावळल्यावर, जनावरे रस्त्यावर येत असल्यामुळे, गाडी चालवूच नका म्हणतात. टायर फुटला तर पुढची गाडी तासाभराने येईल की तीन तासांनी, सांगता येत नाही.

दुसरा पर्याय गटाच्या सहलीचा. खर्च कमी, सोबत भरपूर, जेवणाची चिंता नाही. पण वीस माणसांच्या बसला हत्ती दिसला म्हणून अर्धा तास थांबता येत नाही.

तिसरा पर्याय खासगी गाइडचा. विमानतळावर उतरल्यापासून परत सोडेपर्यंत एकच गाडी आणि एकच गाइड, आणि तो फक्त तुमच्यासाठी. खर्च अर्थातच बराच अधिक. गाडी आणि गाइड यांचे पैसे दोघांनी वाटले काय किंवा चौघांनी, तेवढेच असतात. म्हणून इंदूरच्या नणंदेला आणि तिच्या यजमानांना विचारून पाहिले. नणंद उत्साहाने हो म्हणाली, पण तिला व्हिक्टोरिया धबधबा हवाच होता, आणि तो तर झांबिया-झिंबाब्वेच्या सीमेवर. शेवटी दोघांनीच जायचे ठरले. चौघांच्या चार इच्छा एका गाडीत कोंबण्यापेक्षा दोन रात्री कमी केलेल्या बऱ्या, हा हिशेब तिने मांडला आणि त्यालाही तो पटला.

कंपनी निवडताना त्यांनी काही गोष्टी लेखी विचारल्या. कंपनी नामिबिया टूरिझम बोर्डाकडे नोंदलेली आहे का? गाइड कुठल्या भागातला आहे, किती वर्षे हे काम करतो? शेवटपर्यंत तोच राहणार की मध्येच बदलणार? जादा टायर किती? गाडीत उपग्रह फोन असतो का? गाइडच्या राहण्या-जेवणाचा खर्च दरात धरलेला आहे का? ज्या कंपनीने उत्तरादाखल नुसती रंगीत चित्रे पाठवली, ती बाद झाली. जिने प्रत्येक प्रश्नाला एकेका ओळीत उत्तर दिले आणि वर स्वतःच दहा प्रश्न विचारले, ती ठरली.

यादीला कात्री

इंजिनीअरसाहेबांनी तोवर चौदा दिवसांचा तक्ता करून ठेवला होता. दक्षिणेला फिश नदीची दरी, हिऱ्यांच्या शोधात वसलेले आणि आता वाळूत बुडालेले कोलमान्सकोप, मग सोसुसव्लेई, स्वाकोपमुंड, स्केलेटन कोस्ट, डामारालँड, हिंबा लोकांची वस्ती, एतोशा. अंतर भागिले वेग असे करून त्यांनी प्रत्येक टप्प्याचे तासही काढले होते.

कंपनीकडून उत्तर आले ते अगदी सौम्य होते. एवढा प्रवास करता येईल, पण तुम्ही देश पाहणार नाही, गाडीची काच पाहाल, असा त्याचा मथितार्थ. राजधानी विंडहुकपासून सेसरियम साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. कागदावर चार तास, प्रत्यक्षात थांबत थांबत पाच-सहा. असे रोज केले तर चौथ्या दिवशी माणूस मोडतो.

मग कात्री चालली. दक्षिणेचा भाग सगळा गेला. स्केलेटन कोस्टचा अगदी उत्तरेकडचा भाग छोट्या विमानाने आणि ठरावीक परवानाधारकांबरोबरच पाहता येतो. तो खर्च झेपणारा नव्हता, म्हणून तोही गेला. उरले ते असे : विंडहुक एक रात्र, सेसरियम तीन, स्वाकोपमुंड तीन, डामारालँड दोन, एतोशा दोन आणि परतीची विंडहुकची एक. एकूण बारा रात्री.

सेसरियमला उद्यानाच्या फाटकाच्या आतला मुक्काम महाग पडतो, पण तो घ्यावा, असा सल्ला मिळाला. कारण आत राहणाऱ्यांना सूर्योदयाच्या तासभर आधी निघता येते, बाहेरच्यांना फाटक उघडेपर्यंत थांबावे लागते. तिथून साठ किलोमीटरवर लालसर टेकड्यांच्या कुशीत डेडव्लेई आहे. मातीच्या पांढऱ्या तळावर शेकडो वर्षांपूर्वी वाळून गेलेली झाडे तशीच उभी आहेत, हवा इतकी कोरडी की लाकूड कुजतसुद्धा नाही. ऊन चढायच्या आत तिथे पोहोचणे हेच खरे, बाकी सगळी घाई निरर्थक.

किनाऱ्यासाठी तीन रात्री तिने हट्टाने मागून घेतल्या. स्वाकोपमुंडला वर्षाकाठी वीस मिलिमीटरही पाऊस होत नाही. तरी सकाळी सगळे गाव धुक्यात बुडालेले असते आणि त्या धुक्यावरच वाळवंट जगते. एक काळा भुंगेरा टेकडीच्या माथ्यावर डोके खाली, पाठ वर करून उभा राहतो, अंगावर जमलेले दव ओघळून त्याच्या तोंडात येते. वेल्विचिया नावाच्या वनस्पतीला जन्मभर दोनच पाने फुटतात आणि काही झाडे हजार वर्षांहून जुनी आहेत. अशा गोष्टी बसमधून दिसत नाहीत. त्या दाखवायला गुडघ्यावर बसणारा माणूस लागतो.

इथूनच उत्तरेला केप क्रॉस. १४८६ मध्ये दिओगो काओ या पोर्तुगीज खलाशाने तिथे दगडी क्रूस उभारला. आफ्रिकेला वळसा घालायची पोर्तुगीजांची ती धडपड बारा वर्षांनी वास्को द गामाला हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर घेऊन आली. आता तिथे हजारो सील पसरलेले असतात आणि त्यांचा वास दूरवर येतो. वाटेत झैला नावाचे जहाज वाळूत रुतलेले दिसते. भंगार म्हणून ते एका भारतीय कंपनीने घेतले होते. २००८ साली मुंबईकडे ओढून नेताना दोर सुटला आणि ते तिथेच अडकले. हे वाचल्यावर इंजिनीअरसाहेबांनी ते जहाज तक्त्यात लाल शाईने लिहिले.

तिनेही एक गोष्ट लिहिली. स्वाकोपमुंडच्या स्मशानभूमीला भेट. जर्मन राजवटीत १९०४ ते १९०८ या काळात हजारो हेरेरो आणि नामा लोक मारले गेले, छावण्यांत उपासमारीने गेले. तो वंशसंहार होता, हे जर्मनीने २०२१ मध्ये मान्य केले. गावातल्या सुंदर जर्मन इमारती पाहून, केक खाऊन परत यायचे आणि हे पाहायचे नाही, हे तिला पटेना. "गाइडला सांगायला आवडेल का, ते आधी विचारा," एवढी सूचना मात्र तिने जोडली.

कोरा राहिलेला रकाना

कंपनीने पाठवलेल्या दहा प्रश्नांत एक प्रश्न प्रकृतीचा होता. दोन वर्षांपूर्वी त्याची अँजिओप्लास्टी झाली होती. त्याने बाकी सारा अर्ज टापटिपीने भरला आणि तो रकाना कोरा ठेवला. सोसुसव्लेईची 'बिग डॅडी' ही सव्वातीनशे मीटर उंचीची टेकडी चढायचे त्याने मनाशी ठरवले होते.

अर्ज पाठवायच्या आदल्या रात्री तिच्या ते लक्षात आले. तो म्हणाला, "अगं, लिहिले की ते मला म्हाताऱ्यासारखे वागवतील."

ती म्हणाली, "अहो, आणि नाही लिहिले तर? तीनशे किलोमीटरवर दवाखाना असताना त्या माणसाने काय करायचे? मी काय करायचे?"

तो गप्प बसला. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी तपासण्या करून प्रवासाला होकार दिला, वाळूच्या चढाला नाही. विम्याच्या अर्जातही आजार लिहावा लागला. लपवलेल्या जुन्या आजारापायी पुढे दावा नाकारला जाऊ शकतो, हे एजंटने स्पष्ट केले. हप्ता वाढला, पण त्यात गंभीर प्रसंगी विमानाने शहरातल्या इस्पितळात हलवण्याची सोय धरलेली होती. वाळवंटात ही सोय म्हणजे चैन नव्हे.

आठवड्याने उत्तर आले. टेकडी वगळलेली होती. त्याऐवजी पहाटे डेडव्लेईपर्यंत किलोमीटरभराची सावकाश चाल, दुपारी विश्रांती, आणि दोनऐवजी तीन रात्रींमुळे मध्ये एक दिवस अगदी मोकळा. त्याखाली गाइडची स्वतःची ओळ होती : साहेबांना दमल्यासारखे वाटले तर मला लगेच सांगावे, मी फोटो काढायच्या निमित्ताने थांबेन.

ही ओळ वाचून तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माणूस बरा दिसतोय."

बाकी तयारी

बाकीची तयारी त्या मानाने सोपी होती. भारतातून थेट विमान नाही, जोहान्सबर्ग किंवा आदिस अबाबामार्गे जावे लागते. आदिस अबाबामार्गे जायचे तर पीतज्वराच्या लसीचा दाखला लागेल का, हे आधी विचारून घ्यावे. लागत असेल, तर लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. जनावरे पाहायला मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ उत्तम, कारण तेव्हा ती पाणवठ्यांवर गोळा होतात. एतोशातल्या ओकाउकुएयो मुक्कामी तर रात्री दिव्यांच्या उजेडात पाणवठ्यावर आलेले गेंडे आणि हत्ती बाकावर बसून पाहता येतात. मात्र जून-जुलैत वाळवंटातली रात्र कडाक्याची थंड असते, त्यामुळे ग्वाल्हेरच्या पौषातले लोकरीचे कपडे बाहेर निघाले. दक्षिण आफ्रिकेचा रँड तिथे चालतो. शाकाहारी जेवणाचे प्रत्येक मुक्कामाला आधी कळवलेले बरे, नाहीतर रोज उकडलेल्या भाज्या आणि बटाटे. औषधे दोन बॅगांत विभागून, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

अखेरचा तक्ता आता त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजवर चिकटवलेला आहे. चौदा दिवसांत दहा ठिकाणांऐवजी बारा रात्रींत पाच. ठेवीतले उरलेले पैसे गच्चीची गळती काढायला गेले. मुलगा अजून म्हणतो, "बाबा, एवढ्या पैशांत तर युरोप झाला असता."

"झाला असता," ते म्हणतात. "पण तिथे माझ्यासाठी फोटो काढायला कोण थांबले असते?"