ज्यांना मत नाही त्यांचा खासदार

पुणे

चि. सोनूस,


परवा फोनवर तू विचारलंस एक आणि बोलून गेलीस दुसरंच. विचारलंस ते एवढंच, की आपल्या हुजूरपागा शाळेला देणगी देणारा तो वेडरबर्न कोण, चार ओळी पाठव, माझ्या कौन्सिलच्या निवडणुकीच्या पत्रकात घालते, इकडच्या, ब्रिटनमधल्या मराठी मंडळींना बरं वाटेल. ते मी बसल्या बैठकीला लिहून दिलं असतं. पण पुढे म्हणालीस, वॉर्डातल्या त्या हॉटेलात ठेवलेल्या अफगाण कुटुंबांकडे हल्ली जात नाहीस. तुमचे प्रचारप्रमुख म्हणतात, त्यांना मत नाही, तिथे वेळ घालवू नका. आणि वर तू हळूच म्हणालीस, 'बरोबरच आहे म्हणा.' सोनू, तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. ज्या माणसाचं नाव तुला पत्रकावर हवंय, त्याने आयुष्यभर नेमकं मत नसलेल्यांचं काम केलं. म्हणून हे लांबलचक पत्र. रागावू नकोस आणि अर्धं वाचून ठेवूही नकोस.

विल्यम वेडरबर्न १८३८ चा, एडिंबरात जन्मलेला. वडील मुंबई इलाख्यात नोकरीला होते, थोरला भाऊ जॉन १८५७ च्या धामधुमीत हिसारला मारला गेला. तरी १८६० मध्ये हा इथे आला तो मनात सूड घेऊन नव्हे. आणखी एक गोष्ट तुला ठाऊक असायला हवी. त्याच्या आजोबांचे जमैकात उसाचे मळे होते. त्यांनी तिथून गुलाम म्हणून आणलेल्या जोसेफ नाइटने स्कॉटलंडच्या कोर्टात दाद मागितली आणि १७७८ मध्ये कोर्टाने सांगितलं, की इथल्या कायद्यात गुलामगिरीला जागा नाही. अशा घरातला हा नातू. घराण्याचा इतिहास माणसाला बांधून ठेवतोच असं नाही, हे मी तुला तुझ्या लग्नाच्या वेळीही सांगत होते.

पुण्यात तो जिल्हा न्यायाधीश होता. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला कुणब्यांनी सावकारांची कर्जखतं काढून जाळली, ते प्रकरण आपल्या तात्यांनी तुला सांगितलेलं आठवत असेल. शेतसारा रोखीने आणि ठरल्या तारखेला भरायचा, पीक हातात येवो न येवो. मग सावकाराकडे जायचं, अंगठा उठवायचा. सावकार कोर्टात जाणार, कुणबी तारखेला पोचणारही नाही, निकाल एकतर्फी लागणार. असे खटले समोर येत असताना खाली मान घालून सही करणं सोपं होतं. वेडरबर्न न्यायमूर्ती रानड्यांबरोबर बसला आणि दोघांनी शेतकी बँकेची योजना पुढे रेटली. जुनं कर्ज आधी तडजोडीने मिटवायचं, मग कमी व्याजाने नवं द्यायचं. भांडवल इथल्याच पैसेवाल्यांचं, वसुलीला सरकारची मदत. पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यात. व्हाइसरॉय रिपनच्या सरकारने मान डोलावली, पण १८८४ मध्ये लंडनच्या इंडिया ऑफिसने योजना मोडीत काढली. सहकारी पतसंस्थांचा कायदा आला १९०४ मध्ये, आणि रानडे तर १९०१ मध्येच गेले. तात्या सासवडच्या सोसायटीचे हिशेब तपासायला जायचे तेव्हा दर वेळी हे बोलून दाखवायचे, आणि आपण सगळे जेवायला घाई करायचो. आता वाटतं, नीट ऐकून घ्यायला हवं होतं.

शाळेचं म्हणशील, तर विल्यमचा दुसरा मोठा भाऊ डेव्हिड, तोही पार्लमेंटचा सभासद होता, १८८२ मध्ये वारला. त्याच्या स्मरणार्थ विल्यमने आपल्या या मुलींच्या शाळेला भरघोस देणगी दिली. ज्या काळात या पेठांत मुलीच्या हातात पाटी दिसली तरी भुवया वर जायच्या, त्या काळात. मुलींनाही मत नव्हतंच, सोनू.

१८८७ मध्ये मुंबई सरकारचा मुख्य सचिव म्हणून तो निवृत्त झाला. पेन्शन घेऊन स्वस्थ बसला नाही. १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेसचा अध्यक्ष झाला, १८९२ मध्ये ब्रिटनमध्ये निवडणुकीत पडला, १८९३ मध्ये बॅन्फशायरमधून निवडून आला आणि १९०० पर्यंत खासदार राहिला. आता नकाशा काढून बघ बॅन्फशायर कुठे आहे. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचे कोळी आणि शेतकरी हे त्याचे मतदार. पुरंदरचा कुणबी त्याला एक मतही देऊ शकत नव्हता. तरी हा सभागृहात उठायचा तो इथल्या दुष्काळावर, साऱ्यावर, खर्चावर बोलायला. काँग्रेसची लंडनमधली समिती त्याने मरेपर्यंत चालवली, पदरचे पैसे घालून. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनवर दादाभाई नौरोजी आणि डब्ल्यू. एस. केन यांच्याबरोबर बसून बहुमताविरुद्ध वेगळा अहवाल दिला.

१८९७ मधलं आठव. त्याच कमिशनपुढे साक्ष द्यायला गोखले लंडनला गेले होते आणि इथे प्लेगच्या तपासणीत गोरे सोल्जर घराघरांत शिरत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर गोखले तिकडे या सोल्जरांच्या गैरवर्तनाबद्दल बोलले, वर्तमानपत्रात आलं, गहजब झाला. पत्र लिहिणाऱ्यांची नावं सांगता येईनात, पुरावा उभा राहीना, आणि परत आल्यावर गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. अशा माणसापासून कुठलाही हिशेबी पुढारी चार हात लांब राहिला असता. वेडरबर्नची मैत्री गोखले जाईपर्यंत, १९१५ पर्यंत टिकली. १९१० मध्ये बहात्तराव्या वर्षी बोटीने आला आणि अलाहाबादला पुन्हा काँग्रेसचा अध्यक्ष झाला, हिंदू-मुसलमानांत आणि काँग्रेसमध्ये आपसांत फाटलेल्यांत समेट घडावा म्हणून. तो समेटही तेव्हा झाला नाही. १९१८ च्या जानेवारीत गेला.

म्हणशील, मावशी, हरलेल्या गोष्टीच सांगतेस. हो, सांगते. मत देणाऱ्याचं काम कुणीही करतं, त्यात देवाणघेवाण असते. नळ, गटार, पार्किंग, तेही करावंच. पण ज्याच्याकडून काहीच परत मिळणार नाही त्याच्या दाराशी जो जातो, तोच मला प्रतिनिधी वाटतो. इथल्या आमच्या वॉर्डातही तेच चाललंय. नदीकाठच्या झोपड्यांतली नावं मतदारयादीत नाहीत म्हणून कुणी तिकडे फिरकत नाही. तू तरी तशी होऊ नयेस, एवढाच माझा हट्ट. तुला हे शिकवायला नको. आईच्या आजारपणात हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या परक्या बायकांसाठी तू नर्सशी भांडली होतीस, ते मी विसरलेले नाही.

मला भीती तुझ्या पडण्याची नाही. निवडून येशील, आणि एकेक दार असंच वगळत जाशील, याची आहे. आणि दुसरी काळजी अगदी साधी. संध्याकाळी एकटी पत्रकं वाटत फिरतेस, तिकडचं हल्लीचं वातावरण बातम्यांत दिसतं, कुणी अंगावर ओरडलं तर? कुणाला तरी बरोबर घेत जा. खोकला गेला का? त्या औषधाच्या गोळ्यांनी झोप येत असेल तर डॉक्टरांना विचार, आपल्या मनाने बंद करू नकोस.

त्या हॉटेलातल्या खोल्यांच्या भिंतींना बुरशी आलीय आणि लहान मुलं खोकतात, असं तूच मला सांगितलं होतंस. त्याचं पुढे काय झालं? कौन्सिलकडे लेखी तक्रार गेली का? शनिवारी फोन करशील तेव्हा आधी ते सांग. पत्रकातल्या चार ओळी मी त्यानंतर लिहून देईन.

तुझी,
मावशी