सगळ्यात भारी कोण?

काही वाद मिटले तर आपल्या संध्याकाळी रिकाम्या पडतील. लता की आशा, सचिन की विराट, सावजी कुणाकडची झणझणीत... आमच्या ग्रुपचा वाद हेवीवेट बॉक्सिंगचा. नागपूरच्या आयटी पार्कच्या रस्त्यावर ठेल्यांची रांग लागते, तिथं शुक्रवारी ऑफिस सुटलं की आमची बैठक बसते. एक बँकवाला, दोन सॉफ्टवेअरवाले, एक एमआर आणि मी. मी फ्रीलान्स पत्रकार, म्हणजे जिला शुक्रवार आणि मंगळवार सारखेच! विषय कुठूनही निघो, गाडी एकाच स्टेशनवर येऊन थांबते. मोहम्मद अली खरंच सगळ्यात भारी होता का?

"अबे, टायसनपुढं तीन राऊंड नसता टिकला अली," हा बँकवाल्याचा ठरलेला डायलॉग. "काऊन नसता टिकला?" म्हणत एमआर उसळतो. सॉफ्टवेअरवाल्यांपैकी एक रॉकी मार्सियानोचा भक्त. त्याचा फंडा सोपा. ४९ लढती, ४९ विजय, १९५६ मध्ये एकदाही न हरता निवृत्त. एक्सेल शीट बंद, विषय संपला!

पण विषय तिथं संपत नाही ना. मार्सियानोनं १९५१ मध्ये जो लुईला लोळवलं, तेव्हा लुई ३७ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी ज्याच्याकडून जगज्जेतेपद घेतलं, तो जर्सी जो वॉलकॉट ३८ चा. मार्सियानो लहान होता असं मी म्हणत नाही. पण शून्य पराभव हा आकडा दिसायला कितीही देखणा असला, तरी समोर कोण उभं होतं हे तो सांगत नाही.

आता अली बघा. ५६ विजय, ५ पराभव. ८ मार्च १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जो फ्रेझरनं त्याला पंधराव्या राऊंडला खाली पाडलं आणि लढतही जिंकली. १९७३ मध्ये केन नॉर्टननं त्याचा जबडा मोडला. अलीनं पुढं या दोघांनाही हरवलं. मधल्या काळात जॉर्ज फोरमन आला होता, त्यानं फ्रेझर आणि नॉर्टन दोघांनाही दोन-दोन राऊंडमध्ये गुंडाळलं होतं. १९७४ मध्ये किन्शासाला अलीनं त्याच फोरमनला आठव्या राऊंडला नॉकआऊट केलं. आणि १९७५ मध्ये मनिलाला चौदा राऊंड झाल्यावर फ्रेझरच्या ट्रेनरनंच त्याला पंधराव्यासाठी उठू दिलं नाही. फ्रेझर नसता तर अली चॅम्पियन झालाच असता, पण आपण ज्याच्यासाठी चहा गार करतो तो अली झाला नसता.

याची उलटी केस म्हणजे लॅरी होम्स. हा माझा आवडता. १९७८ मध्ये त्यानं नॉर्टनला हरवून किताब मिळवला, सलग ४८ लढती जिंकल्या, आणि मार्सियानोची बरोबरी एका विजयावर आली असताना १९८५ मध्ये मायकेल स्पिंक्सकडून हरला. तरी त्याच्या नावानं कुणी टेबलावर हात आपटत नाही. का? १९८० मध्ये त्यानं अलीला हरवलं तेव्हा अली ३८ वर्षांचा होता. १९८८ मध्ये टायसननं त्याला चौथ्या राऊंडला आडवं केलं तेव्हा होम्सही ३८ चाच. बिचारा दोन पिढ्यांच्या मधल्या स्टॉपवर उतरला!

म्हणून या वादात माझे दोनच प्रश्न असतात. समोर कोण होतं? आणि लढायला स्टेज कोणतं मिळालं?

हेच दोन प्रश्न घेऊन जरा मानकापूरला चला. हेवीवेट चॅम्पियन बघायला अमेरिकेतच जावं लागतं असं थोडंच आहे? तिथल्या विभागीय क्रीडा संकुलात घडलेली अल्फिया पठाण ही आपल्या गावची पोरगी, वडील नागपूर पोलिसांत. एप्रिल २०२१ मध्ये पोलंडच्या किल्त्से शहरात युवा जागतिक स्पर्धा झाली. भारतीय मुलींनी तिथं सात सुवर्णपदकं आणली. त्यातलं ८१ किलोवरच्या गटातलं अल्फियाचं. फायनलमध्ये मोल्दोव्हाच्या दारिया कोझोरेझविरुद्ध पाचही जजेसनी तिच्या बाजूनं कौल दिला.

पहिला प्रश्न : समोर कोण? युवा गटातलं पदक मोठं, पण तेवढ्यावर मी माप घेणार नाही. माझ्या लेखी तिचा सगळ्यात वजनदार विजय जुलै २०२२ चा, कझाकस्तानच्या एलोर्डा कपमधला. सीनियर गट, फायनल, आणि समोर २०१६ ची जगज्जेती लज्जत कुंगेबायेवा, तीही स्वतःच्या देशात, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर. अल्फिया जिंकली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अम्मानला ती आशियाई विजेती झाली. मात्र फायनलमध्ये जॉर्डनची प्रतिस्पर्धी बाद ठरवली गेली होती, म्हणून हिशेबात मी ते सुवर्ण लज्जतवरच्या विजयाच्या खालीच ठेवते. नियम म्हणजे नियम. मार्सियानोला लावला तो आपल्या पोरीलाही लावायचा.

शिवाय या गटात घरचीच स्पर्धा कमी नाही. एका गटात एका देशाची एकच बॉक्सर जाते. २०२५ मध्ये लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेत भारताकडून ८० किलोवरच्या गटात नुपूर शेरॉन खेळली आणि रौप्य घेऊन आली. १९६६ आणि १९७० चं एशियाड सुवर्ण जिंकणारे हेवीवेट हवा सिंग तिचे आजोबा. म्हणजे पहिल्या प्रश्नाला उत्तर आहे. माप घ्यायला तगड्या प्रतिस्पर्धी आहेत.

गाडी अडते दुसऱ्या प्रश्नावर. मी एका संपादकांकडे अल्फियावरची स्टोरी घेऊन गेले होते. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "ऑलिम्पिकला जाणार का?" मी म्हटलं, "तिच्या गटाला ऑलिम्पिकच नाही, सर." "मग वाचकांना त्यात काय?" स्टोरी तिथंच बाद, मला एक राऊंडही मिळाला नाही!

पण त्यांच्या प्रश्नातच खरी स्टोरी होती. बायकांचं बॉक्सिंग ऑलिम्पिकमध्ये आलं २०१२ ला लंडनमध्ये. तेव्हापासून पॅरिस २०२४ पर्यंत त्यांचा सगळ्यात वरचा गट ७५ किलोचाच राहिला. पुरुषांना पॅरिसमध्ये ९२ किलोच्या वरही गट होता, म्हणजे वजनाला वरची मर्यादाच नाही. हांगझोच्या एशियाडमध्येही बायकांची यादी ७५ वर संपली. लवलीना बोरगोहाईन तुम्हाला माहीत आहे, कारण तिच्या गटाला ते स्टेज मिळालं. त्या रेषेच्या वरच्या मुलीनं जगज्जेतीला हरवलं तरी पेपरात आतल्या पानावर एक कॉलम.

ही रेष मला खटकते, कारण ती फक्त रिंगमध्ये नाही. माझ्या लग्नाच्या बायोडेटात वजनाचा रकाना होता. आईनं तो भरताना तीन किलो परस्पर कमी केले! कॉलनीतल्या काकू "जरा भरली आहेस" म्हणतात, ते कॉम्प्लिमेंट नसतं हे आपल्याला दहावीपासून कळतं. ८१ हा आकडा आपल्याकडच्या मुलीनं वजनकाट्यावरून झटकन उतरून विसरायचा असतो. अल्फिया तो आकडा ओलांडून, सगळ्यांसमोर काट्यावर उभी राहून रिंगमध्ये जाते. आपण ज्याला लपवायची गोष्ट समजतो, ती तिची एन्ट्री पास आहे.

तिला अलीच्या शेजारी बसवा, असा माझा हट्ट नाही. मी तिला होम्सच्या बाकावर बसवते. हरवायला मोठी माणसं मिळाली, टाळ्या मात्र दुसऱ्या हॉलमध्ये वाजत राहिल्या, अशांचा तो बाक. फरक एवढाच की होम्सला काळानं आडवं केलं, हिला एका यादीनं. काळ कुणाच्या हातात नसतो. यादी माणसं बनवतात, आणि माणसांनी बनवलेली यादी बदलता येते. तोवर "सगळ्यात भारी कोण" हा वाद तुमच्याकडे निघाला, तर आधी एवढंच विचारा, यादी कुणी बनवली आणि वजन कुठपर्यंत मोजलं?